नवी बॅटरी टाकूनही गाडी पुन्हा बसते : मोटारसायकलच्या चार्जिंगमधील दोष शोधण्याची रीत

उन्हाचा चटका वाढू लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील गॅरेजांमध्ये एकाच तक्रारीच्या दुचाक्या येऊ लागतात. "भाऊ, बॅटरी नवी शे, तरी सेल्फ लेत नही," हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा ऐकू येते की पुढचा इतिहास विचारण्याआधीच कळतो. पहिली बॅटरी दोन वर्षे चालली, दुसरी जेमतेम वर्षभर टिकली आणि तिसरी तीन-चार महिन्यांत बसली. प्रत्येक वेळी बॅटरी बदलली गेली, गाडी चालू झाली, म्हणून प्रश्न सुटला असे मानले गेले. बॅटरी बदलल्यावर गाडी चालू होणारच, कारण नव्या बॅटरीत दुकानातूनच आलेली वीज असते. ती वीज संपल्यावर मागून भर पडते की नाही, हे मात्र कोणी मोजून पाहिलेले नसते. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की दुसऱ्यांदा बॅटरी बसली, तर तिसरी विकत घेण्यापूर्वी मल्टिमीटर हातात घ्यावा आणि वीज जिथे तयार होते तिथून ती बॅटरीपर्यंत पोहोचेपर्यंतचा सगळा रस्ता क्रमाने तपासावा. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि एका बॅटरीच्या किमतीपेक्षा तो नक्कीच स्वस्त पडतो.

हा रस्ता आधी समजून घेतला पाहिजे. इंजिनच्या क्रँकवर मॅग्नेट बसवलेले असते, त्याच्या आत किंवा शेजारी तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेली कॉइल प्लेट असते, आणि मॅग्नेट फिरू लागले की या कॉइलमध्ये एसी वीज तयार होते. ही वीज कपलरमधून, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडातून, आरआर युनिटकडे, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरकडे जाते. तिथे तिचे डीसीमध्ये रूपांतर होते, व्होल्टेजला मर्यादा घातली जाते, आणि मग ती फ्यूजमधून बॅटरीकडे येते. परतीचा रस्ता अर्थच्या तारेने आणि चेसीने पूर्ण होतो. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये आणि होड्यांच्या अनेक इंजिनांतही मुळात हीच रचना असते, त्यामुळे त्या वाहनांच्या दुरुस्तीवरील परदेशी चित्रफिती पाहून आपली गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ तरुण आहेत. मोजमापाची रीत त्यांतून जरूर घ्यावी, परंतु त्या देशांत बॅटरी थंडीने अशक्त होते आणि आपल्याकडे ती उन्हाने मरते, हा फरक लक्षात ठेवावा. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद तात्पुरती घटते. उष्णतेने मात्र तिचे आयुष्यच कायमचे कमी होते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि अशा वेळी उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आत हवेपेक्षाही जास्त तापमान असते. तापमान १० अंशांनी वाढले की बॅटरीच्या आतील रासायनिक झीज साधारण दुप्पट वेगाने होते, असा ठोकताळा आहे. आरआर युनिटचीही तीच अवस्था असते, कारण ते स्वतः तापणारे यंत्र आहे आणि त्याला थंड करणारी हवाच आपल्याकडे गरम असते.

मोजमापाला सुरुवात करण्यापूर्वी एक अट पाळावी लागते. बॅटरी बाहेर काढून, मंद गतीने चार्ज करून, काही तास नुसती ठेवल्याशिवाय पुढच्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये. मंद गती म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या साधारण दहावा भाग. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुरेसा आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी ठेवलेल्या मोठ्या चार्जरला दुचाकीची बॅटरी तासभर लावून "फुल्ल केली" म्हणून परत देण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने बॅटरी उकळते, प्लेटांवरचा मसाला सुटतो आणि आपण पुढे जे मोजणार, ते आधीच बिघडवलेल्या बॅटरीवर मोजले जाते. बॅटरी काढताना ऋण टर्मिनल आधी सोडावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पाना चेसीला लागून ठिणगी पडण्याचा धोका राहत नाही.

रात्रभर विश्रांती घेतलेल्या चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ ते १२.८ यांच्या दरम्यान भरते. १२.४ असल्यास ती सुमारे पाऊण भरलेली, १२.२ असल्यास निम्मी आणि १२ च्या आसपास असल्यास जवळजवळ रिकामी समजावी. पूर्ण चार्ज करूनही व्होल्टेज १०.५ च्या आसपासच अडकत असेल, तर सहापैकी एक सेल आतून शॉर्ट झालेला असतो. अशी बॅटरी कोणत्याही उपायाने परत येत नाही, आणि ती गाडीत ठेवल्यास आरआर युनिटवरही विनाकारण ताण येतो. बॅटरीवर मीटर लावूनच सेल्फचे बटण दाबावे. व्होल्टेज क्षणभर घसरणे स्वाभाविक आहे, परंतु ते १० च्या बरेच खाली गेले, तर बॅटरी आतून अशक्त आहे किंवा सेल्फ मोटर गरजेपेक्षा जास्त वीज ओढते आहे. याउलट व्होल्टेज १२ च्या वर टिकून राहिले आणि सेल्फ नुसताच टिक्-टिक् आवाज करत राहिला, तर दोष बहुधा रिलेत, मोटरच्या ब्रशमध्ये किंवा जाड केबलच्या जोडात असतो. त्याचा चार्जिंगशी काहीही संबंध नसतो, आणि तरीही अशा गाडीत बॅटरी आणि आरआर युनिट दोन्ही बदलून दिल्याची उदाहरणे पाहून वाईट वाटते.

यानंतरचे मोजमाप सर्वांत महत्त्वाचे आहे. गाडी चालू करून पाच मिनिटे इंजिन गरम होऊ द्यावे, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून त्याची टोके थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावावीत, हेडलाइट चालू असू द्यावा आणि ॲक्सिलरेटर मध्यम गतीपर्यंत पिळावा. सुस्थितीतील गाडीत व्होल्टेज १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान स्थिरावते. आयडलिंगला ते थोडे कमी असले तरी चिंता नको. आकडा १३ च्याही खाली रेंगाळत असेल, तर बॅटरी भरत नाही. तो १५ च्या वर जात असेल, तर बॅटरी जास्त भरून उकळते आहे. हा दुसरा दोष बल्ब वारंवार उडणे, बॅटरीचे पाणी भराभर कमी होणे, तिच्या बाजू फुगणे आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणे या खुणांवरून मीटरशिवायही ओळखता येतो, आणि त्यात दोष बहुतेक वेळा आरआर युनिटमध्येच किंवा त्याच्या अर्थमध्ये असतो.

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून "गाडी बंद पडते का" हे पाहण्याची जुनी पद्धत कृपया कायमची सोडून द्यावी. बॅटरी ही आरआर युनिटमधून येणारे व्होल्टेजचे झटके शोषून घेते. ती काढताच तेच झटके थेट हेडलाइट, मीटर आणि गाडीच्या संगणकाकडे जातात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत, म्हणजे बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत, या एका प्रयोगाने होणारे नुकसान बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट असते. ज्या गाड्यांमध्ये वेगळी सेल्फ मोटर नसून मॅग्नेटची कॉइलच इंजिन फिरवते आणि सेल्फचा खर्र असा आवाज येत नाही, त्यांची वायरिंग पूर्णपणे वेगळी असते. तिथे बॅटरीवरच्या मोजमापापलीकडे न जाता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वाट धरलेली बरी.

आता समजा की बॅटरीवर व्होल्टेज कमी भरले. इथे बहुतेक जण थेट आरआर युनिट बदलतात. त्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी आहे, आणि माझ्या मते वारंवार येणाऱ्या तक्रारीचे अर्धे उत्तर तिच्यातच दडलेले असते. मीटर डीसी व्होल्टवरच ठेवावा, एक टोक आरआर युनिटमधून बाहेर पडणाऱ्या धन तारेवर आणि दुसरे टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर लावावे, इंजिन मध्यम गतीवर ठेवावे. दोन्ही टोके एकाच तारेच्या दोन बाजूंना असल्यामुळे आदर्श आकडा शून्य असला पाहिजे, प्रत्यक्षात ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत चालते. त्याहून अधिक आकडा दिसला, तर तेवढे व्होल्टेज वाटेत कुठेतरी खाल्ले जात आहे. हीच चाचणी आरआर युनिटच्या अर्थच्या तारेवरून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंतही करावी.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. यावल तालुक्यातील एका केळी उत्पादकाची १२५ सीसीची गाडी आमच्याकडे आली. शेतीच्या पंपाला वीज आळीपाळीने आणि बरेचदा रात्री मिळत असल्याने हे गृहस्थ मध्यरात्री मोटर चालू करायला शेतात जात, आणि बांधावरचा रस्ता दिसावा म्हणून त्यांनी हँडलखाली दोन एलईडी दिवे बसवून घेतले होते. दिवे बसवल्यापासून दुसऱ्या ठिकाणी आरआर युनिट एकदा आणि बॅटरी त्याहून अधिक वेळा बदलली गेली होती. आरआर युनिटच्या तोंडाशी मोजले तेव्हा १४.२ व्होल्ट मिळाले आणि त्याच क्षणी बॅटरीवर १२.९. म्हणजे युनिट आपले काम नीट करत होते आणि १.३ व्होल्ट अवघ्या हातभर तारेत नाहीसे होत होते. साइड पॅनल उघडून लाल तारेवरून बोट फिरवत गेलो, तेव्हा टाकीखाली एका जागी काळी टेप मऊ आणि चिकट झालेली लागली. टेप सोलली तर आत मूळ तारेचे आवरण ब्लेडने कापून, दिव्यांची तार तिच्याभोवती नुसती पिळून बसवलेली होती. कापताना तांब्याचे निम्मे धागे तुटलेले होते, उरलेल्यांवर हिरवट थर चढलेला होता आणि जोड हाताला चटका देण्याइतका गरम होता. तेवढा तुकडा कापून नवी तार सोल्डर केली, वरून आकसणारी नळी बसवली आणि दिव्यांसाठी बॅटरीपासून फ्यूज व रिलेसह स्वतंत्र तार ओढली. त्यानंतर बॅटरीवर १४ व्होल्ट मिळू लागले. त्या गाडीत बदललेल्या वस्तूंपैकी एकही वस्तू मुळात खराब नसण्याची शक्यता दाट होती.

केळीच्या आणि कपाशीच्या पट्ट्यातील गाड्यांमध्ये जोड कुजण्याचे आणखी एक कारण आहे, ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. टाकीवर किंवा सीटवर युरियाची गोणी टाकून शेतात नेली जाते, फवारणीचा पंप मागे बांधलेला असतो, आणि गोणीच्या शिवणीतून झिरपणारे दाणे दमट हवेत विरघळून वायरिंगवर उतरतात. खतातील क्षार तांब्याला आणि पितळेला खातात. पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या आसपास चार्जिंगच्या तक्रारींची दुसरी लाट येते, तिच्यामागे मला हेच कारण वारंवार दिसले आहे. गोणी वाहून नेऊ नये, असे सांगणे व्यवहार्य नाही. परंतु टाकीखालचे आणि साइड पॅनलमागचे कपलर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा उघडून, इलेक्ट्रिकल क्लीनरने धुऊन, कोरडे करून पुन्हा घट्ट बसवणे सहज शक्य आहे.

कपलरांपैकी सर्वांत जास्त जपावा असा कपलर म्हणजे कॉइल प्लेट आणि आरआर युनिट यांच्यामधला. तीन फेजच्या, म्हणजे कॉइलमधून तीन तारांनी एसी वीज येणाऱ्या गाड्यांमध्ये यात बहुतेक वेळा तीन पिवळ्या तारा असतात. नवा असताना हा नायलॉनचा कपलर पांढरा स्वच्छ असतो. खराब होऊ लागला की एका पिनेभोवती तो आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी काळा पडतो. त्या पिनेची तार कडक होते, वाकवली तर तिचे आवरण तडकते आणि पिन ओढल्याबरोबर सैल निघते. हे एका दिवसात होत नाही. पिन थोडी सैल झाली की तिथे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता होते, उष्णतेने पितळेचा ताण जाऊन पिन आणखी सैल होते, आणि हे चक्र आपल्या उन्हाळ्यात भलतेच वेगाने फिरते. तीनपैकी एक तार निकामी झाली, तरी उरलेल्या दोन तारांवर गाडी अर्धवट चार्ज होत राहते, म्हणून दोष लगेच कळत नाही. दिवसा फिरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, रात्री हेडलाइट लावून दूर जाणाऱ्याची बॅटरी मात्र उतरते. जळालेला कपलर घासून पुन्हा बसवू नये; दोन्ही बाजूंच्या जळक्या तारा मागे चांगले तांबे लागेपर्यंत कापून नवा कपलर लावावा. नवे आरआर युनिट जुन्या जळक्या कपलरला जोडणे, हे मला या सगळ्या दुरुस्तीतील सर्वांत महागात पडणारे काम वाटते, कारण तोच कपलर पुन्हा तापतो, नवे युनिटही काही महिन्यांत जाते आणि दोष मात्र "डुप्लिकेट मालाच्या" माथी मारला जातो.

कपलर उघडलेला असतानाच कॉइल तपासून घ्यावी. मीटर ओहमवर ठेवून तीन पिवळ्या तारांच्या प्रत्येक जोडीमधला रोध पाहावा; तो बहुतेक गाड्यांत एक ओहमपेक्षा कमी असतो आणि तिन्ही जोड्यांमध्ये जवळजवळ सारखा असला पाहिजे. इतका लहान रोध साध्या मीटरने अचूक मोजला जात नाही, म्हणून मीटरची दोन टोके एकमेकांना लावून येणारा आकडा त्यातून वजा करावा. नंतर प्रत्येक तार आणि इंजिनची धातू यांच्यामध्ये मोजावे. तिथे मीटरने काहीही जोड दाखवता कामा नये. दाखवला तर कॉइलचे आवरण जळून ती अर्थ झालेली आहे. शेवटी मीटर २०० व्होल्ट एसीवर ठेवून, कपलर सुटा ठेवूनच इंजिन चालू करावे आणि मध्यम ते जास्त गतीवर तिन्ही जोड्यांमधील व्होल्टेज पाहावे. गती वाढेल तसे ते वाढत जाऊन ४०-५० व्होल्टच्या पुढे जाते. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, पण तिन्ही जोड्यांमध्ये तो सारखाच हवा. हा एसी करंट हाताला झटका देऊ शकतो, म्हणून उघड्या पिनांना बोट लावू नये.

शंभर सीसीच्या कित्येक जुन्या गाड्यांत तीन फेज नसतात. त्यांमध्ये कॉइलचे एक टोक मुळातच इंजिनला अर्थ केलेले असते आणि हेडलाइट थेट एसीवर चालतो, म्हणून आयडलिंगला तो मंद होतो आणि रेस केल्यावर उजळतो. अशा गाडीत कॉइल आणि इंजिन यांच्यामध्ये जोड दिसणे हा दोष नव्हे. याची माहिती नसल्याने चांगल्या कॉइल फेकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

कॉइलच्या बाबतीत आपल्या भागासाठी एक सूचना विशेष महत्त्वाची वाटते. थंड इंजिनवर कॉइल निर्दोष दिसते आणि गरम झाल्यावर फसते, असा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. तारेवरचे वार्निश जळून पातळ झालेले असते. तांबे गरम होऊन फुगले की दोन वेटोळी एकमेकांना किंवा लोखंडी पट्ट्यांना टेकतात, आणि गाडी सावलीत थंड झाली की पुन्हा सुटतात. "सकाळी ठीक, दुपारी बंद" असे ग्राहक सांगतो, तेव्हा त्याचे म्हणणे खरे मानून गाडी दुपारी पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणावी आणि थांबल्याबरोबर, कॉइल थंड होण्याआधी, वरील तिन्ही मोजमापे पुन्हा घ्यावीत. सकाळी गॅरेजच्या सावलीत घेतलेल्या आकड्यांवरून अशा गाडीचे निदान होणार नाही. मॅग्नेटची ताकद कमी होणे ही गोष्ट मात्र क्वचितच घडते, तिचा विचार सर्वांत शेवटी करावा.

कॉइल निर्दोष आहे, कपलर निर्दोष आहे, तारेत घट नाही आणि तरीही बॅटरीवर १३ च्या खाली किंवा १५ च्या वर आकडा आहे, असे सिद्ध झाले तरच आरआर युनिटवर ठपका ठेवावा. मीटरच्या डायोड चाचणीने त्याचे डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, तपासता येतात. प्रत्येक पिवळ्या पिनेपासून धन पिनेकडे एका दिशेने साधारण ०.४ ते ०.७ असा आकडा आणि उलट दिशेने काहीच नाही, असे दिसले पाहिजे. दोन्ही दिशांनी शून्याच्या आसपास आकडा आला तर डायोड शॉर्ट आहे. ही चाचणी पार करूनही युनिट आतून गरम झाल्यावर फसू शकते, म्हणून शेवटची खात्री त्याच मॉडेलचे चांगले युनिट तात्पुरते लावून करावी.

नवे युनिट बसवताना ते कुठे बसते, याकडे युनिटच्या कंपनीइतकेच लक्ष द्यावे. पुष्कळ गाड्यांतील आरआर युनिट शंट प्रकारचे असते, म्हणजे बॅटरीला नको असलेली वीज ते कॉइलच्याच तारा आतून शॉर्ट करून परत फिरवते आणि त्यात होणारी उष्णता ॲल्युमिनियमच्या पात्यांवाटे बाहेर टाकते. त्या पात्यांमध्ये काळ्या मातीचा चिखल वाळून बसला असेल किंवा युनिट पिशवीत गुंडाळले असेल, तर उष्णता आतच कोंडते. पावसाचे पाणी लागू नये म्हणून आरआर युनिटला प्लास्टिक बांधणारे लोक सद्भावनेने त्याचा घात करतात; युनिट आतून भरीव भरलेले असते, पाण्यापासून जपायचा असतो तो त्याचा कपलर. याच प्रकारच्या युनिटमुळे आणखी एक समजूत दुरुस्त करावी लागते. हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब काढून एलईडी लावला की कॉइलवरचा ताण कमी होईल, असे वाटते. शंट प्रकारात कॉइल तेवढीच वीज तयार करत राहते आणि न वापरलेला वाटा युनिटला जास्त प्रमाणात परत फिरवावा लागतो, त्यामुळे युनिट उलट अधिक तापते.

चार्जिंगचे सर्व आकडे बरोबर येऊनही गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरत असेल, तर चोरी रात्री होते आहे असे समजावे. चावी बंद करावी, बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडावे आणि टर्मिनल व सुटलेली तार यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर ठेवून जोडावा. सुरुवातीला १० अँपिअरची पट्टी वापरावी, आकडा अगदी लहान असल्याची खात्री झाल्यावरच मिलिअँपिअरवर यावे, आणि मीटर जोडलेला असताना चुकूनही चावी फिरवू नये, कारण मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो. घड्याळ आणि संगणक असलेल्या गाडीला काही मिलिअँपिअर लागणे स्वाभाविक आहे. ३० मिलिअँपिअरची गळती मात्र ५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी आठवडाभरात रिकामी करते. अशा वेळी आधी नंतर बसवलेल्या वस्तू एकेक सोडून पाहाव्यात. बॅटरीला थेट जोडलेला मोबाइल चार्जर, चोरीचा अलार्म, जीपीएस यंत्र आणि कर्कश हॉर्नचा रिले हे नेहमीचे संशयित आहेत. एवढे करूनही गळती थांबली नाही, तर आरआर युनिटचा कपलर काढून पाहावा, कारण त्यातील डायोड उलट गळू लागला तर तोही बॅटरी पितो.

सुरतेला किंवा पुण्याला कामाला गेलेल्या मुलाची गाडी घरी महिनोन्‌महिने उभी असते, तिच्यात गळती नसली तरी बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, जे पुढे कोणत्याही चार्जिंगने पूर्णपणे जात नाहीत. अशा गाडीची बॅटरी काढून घरात थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा मंद गतीने चार्ज करावी. दहा मिनिटे जागेवर इंजिन चालू ठेवल्याने बॅटरी भरते, ही समजूत घरोघरी आहे. सेल्फ मारताना जेवढी वीज गेली तेवढीही आयडलिंगवर धड परत येत नाही. घरापासून चौकापर्यंत आणि चौकापासून घरापर्यंत दिवसातून अनेकदा सेल्फ मारून जाणाऱ्यांच्या गाडीतही हेच घडते आणि तिथे दोष शोधूनही सापडत नाही. किक असेल तर दिवसाची पहिली सुरुवात किकने करावी.

पाण्याच्या बॅटरीबद्दल थोडक्यात सांगायचे तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी पाहावी, ती खालच्या रेषेच्या खाली जाऊ देऊ नये आणि भर फक्त डिस्टिल्ड वॉटरची घालावी. आपल्याकडील बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. ते घातलेली बॅटरी हळूहळू निकामी होते. ॲसिड तर कधीच वरून घालू नये, कारण उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच राहते. नवी कोरडी बॅटरी दुकानात ॲसिड भरून लगेच गाडीत बसवून दिली जाते, त्याऐवजी ती पहिल्यांदा दुकानातच काही तास मंद गतीने चार्ज करून मागावी. "संध्याकाळी या" असे दुकानदाराने सांगितले, तर तो आपले काम नीट करतो आहे असे समजून संध्याकाळी जावे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला असल्यास खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून त्याने धुवावा, टर्मिनल कोरडे करून घट्ट आवळावे आणि नंतर वरून व्हॅसलिन लावावे.

जादा दिव्यांची हौस नव्हे, गरज असते, हे मी जाणतो. सातपुड्याच्या पायथ्याला रात्री शेतात जाणाऱ्या माणसाला समोर साप आहे की पाइप, हे दिसलेच पाहिजे. तरीही हिशोब मांडावा लागतो. २० वॅटचे दोन दिवे मिळून सुमारे ३ अँपिअर ओढतात, म्हणजे मूळ हेडलाइटपेक्षा जास्त. बांधावरून पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये हळू जाताना इंजिनची गती कमी असते आणि कॉइल आपली पूर्ण वीज तेव्हा देतच नाही. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत हेडलाइट इंजिनसोबत कायम चालू राहतो, तोही या हिशोबात धरावा. दिवे बसवल्यानंतर ते सर्व लावून, हेडलाइटसह, शेताच्या रस्त्यावरच्या गतीइतकेच ॲक्सिलरेटर पिळून बॅटरीवर व्होल्टेज मोजावे. १३ च्या वर टिकले तर निर्धास्त राहावे, १२.५ कडे घसरले तर एक दिवा काढावा किंवा कमी वॅटचे दिवे लावावेत. त्यासाठी मोठी बॅटरी बसवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, परंतु मोठ्या बॅटरीने वीज तयार होत नाही. ती उतरायला जास्त दिवस लागतात आणि भरायलाही तितकाच जास्त वेळ लागतो.

दुरुस्ती झाल्यावर तीन आकडे लिहून ठेवावेत: रात्रभर उभ्या गाडीचे व्होल्टेज, मध्यम गतीवरचे व्होल्टेज आणि चावी बंद असतानाची गळती. पंधरा दिवसांनी, शक्यतो दुपारच्या उन्हात गाडी चालवून आल्याबरोबर मधला आकडा पुन्हा घ्यावा, आणि पहिला व तिसरा त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मधला आकडा अर्ध्या व्होल्टने जरी खाली आला असेल, तरी बॅटरी बसण्याची वाट न पाहता पिवळ्या तारांचा कपलर पुन्हा उघडावा.